नऊ मिनिटं

"पाच तीस," ती म्हणाली आणि मांडीवरच्या लेकीचा नीट असलेला मोजा उगाचच वर ओढला. "पहाटे पाच तीस."

टेबलापलीकडच्या बाईंनी आकडा लॅपटॉपमध्ये घातला. बाई जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पत्रिका बघायचा नाद जुना, पण लोक यायला लागले ते अलीकडे. खोलीत धूप नाही, फोटो नाही. नुसता एक फळा, आणि त्यावर खडूने आखलेली बारा घरं.

"अडीच वर्षांची ना? बोलते काय काय?"

"आई म्हणते. आणि 'दे'. 'दे' मात्र ठणकावून."

"पुष्कळ झालं. आमचे हे चाळीस वर्षं तेवढ्यावर चालवतायत."

ती हसली, पण हसू ओठांच्या आत गेलं नाही. पर्समध्ये लेकीच्या कानांच्या तपासणीचं पत्र होतं, परवाच्या तारखेचं. आधीच्या दोन तारखा तिनेच पुढे ढकलल्या होत्या. एकदा सर्दीचं निमित्त, एकदा पाहुण्यांचं. नवरा काल शेवटी वैतागून म्हणाला होता, "तू नक्की कशाला घाबरतेस, मशीनला की त्यातून निघणाऱ्या कागदाला?" तिला कुणाकडून तरी एकच वाक्य हवं होतं: उशीर ग्रहांचा आहे, पोरीचा नाही. मग तपासणीचं कामच उरलं नसतं.

"बुध आणि शनी एकत्र आलेत," बाई म्हणाल्या. "बुध बोलण्याचा, शनी उशिराचा. युती तशी जड. पण पहिल्या घरात आहेत. वाणीचं घर दुसरं, ते मोकळं आहे."

"म्हणजे बरंच की!"

ती इतक्या घाईने बोलली की भिंगरीने मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. घरात सगळे लेकीला भिंगरीच म्हणत. एका जागी टिकायची नाही म्हणून.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जिच्यावरून पहिलं घर धरतात, ती उगवती रास नुकतीच लागलीय गं, शून्य अंशावर. मिनिटभर आधी जन्मली असती, तर दोघंही वाणीच्या घरात गेले असते. गंमत सांगू? माझ्याकडे येणारी निम्मी पोरं अशीच अगदी काठावर जन्मलेली असतात. आणि झाडून सगळी चांगल्या बाजूला."

तिने लेकीचा मोजा पुन्हा वर ओढला.

"वर्गातही कळायचं मला. आधी मागच्या पानावरचं उत्तर बघायचं आणि मग गणित त्याला जुळवायचं. खरी वेळ काय?"

आठवडाभर भिंगरी झोपली की ती मोबाइलवर एकेक मिनिट पुढे सरकवत बसली होती. बावीस, तेवीस, चोवीस. तिसाव्याला ते दोन ग्रह टुणकन शेजारच्या घरात गेले, तेव्हा तिने फोन छातीशी धरला होता.

"पाच एकवीस," ती म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. नवी पत्रिका काढून त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"नऊ मिनिटांत घर बदललं. पण हे दोघं बघ, जागचे हललेत का? शनी पाच अंशांवर, बुध नऊवर. मघाशीही तेच, आताही तेच."

"पण आहेत वाणीच्याच घरात."

"आहेत. खोटं कशाला सांगू? पण एका घरात दोन ग्रह दिसले म्हणून युती वाचून होत नाही. कोण पुढे, कोण मागे ते बघायचं. बुध चपळ. हिच्या जन्माआधीच तो शनीला ओलांडून गेलाय आणि रोज लांब जातोय. गाठायला येत असता, तर मी वेगळं बोलले असते."

"म्हणजे बोलेल?"

"गाठ सुटते आहे, एवढं मी म्हणेन. कुठे बसली होती ते मला इथून दिसत नाही. पोरीच्या कानात मला थोडंच बघता येतं? ज्यांना येतं, त्यांच्याकडे नेलंस का?"

"परवा बोलावलंय. दहाला."

"मग मुहूर्त विचारू नकोस हं."

तपासणीची खोली लहान होती, भिंतींना जाड स्पंज लावलेला. समोरच्या पेटीत खेळण्यातलं अस्वल. भिंगरीने आवाजाच्या दिशेने पाहिलं की पेटीत दिवा लागे आणि अस्वल ढोल वाजवी. दोन वेळा लागला, तीन वेळा लागला. मग तपासणारी मुलगी काचेमागून बाहेर आली.

"आई, तुम्ही मागच्या खुर्चीत बसा बघू."

"रडेल ती."

"रडू दे थोडं. आवाज आला की तुमच्या भुवया वर जातात. ही तुमच्याकडे बघते आणि मग मान वळवते. मी नेमकं कुणाला तपासतेय तेच कळेना."

ती उठून मागे बसली. मुलीने भिंगरीच्या कानांत दोन मऊ बोळे बसवले, त्यांना बारीक वायरी. "आता आवाज फक्त हिलाच येणार."

पुढे नुसती पाठ दिसत होती. दोन शेंड्या, एक वर एक खाली. चेहरा दिसत नव्हता, आवाज येत नव्हता. अडीच वर्षांत पहिल्यांदाच लेकीचं काय चाललंय ते तिला ठाऊक नव्हतं. तिने हात मांड्यांखाली दाबून धरले.

खोलीत काहीच झालं नाही. मग वरची शेंडी हलली. भिंगरीने मान डावीकडे वळवली, आणि दिवा लागला.

पुन्हा शांतता. पुन्हा मान. काचेमागे पेन कागदावर टेकत होतं.

"डावा कान छान," मुलगी म्हणाली. "उजवा करायचा? कंटाळली असेल तर पुढची तारीख देते."

भिंगरी खुर्चीत पाय हलवत होती.

"नको," ती म्हणाली. "आत्ताच करा."