तेग्वेनबाईंच्या डबक्यातला मी

अहो, पाय जपून! त्या ओल्या दगडाखाली मी आहे. पाल म्हणून किंचाळू नका. मी न्यूट, बेडकाच्याच भावकीतला, पण आम्ही शेपूट राखून आहोत. वसंतात माझ्या शेपटीच्या टोकाला दोऱ्यासारखी बारीक शेंडी येते. तेव्हा माझं मलाच कौतुक वाटतं.

वेल्समधल्या डोंगरावर, तेग्वेनबाईंच्या घरामागच्या डबक्यात मी जन्मलो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, चुन्याचं नाव नाही. बाई सत्तरीच्या, एकट्या. पायरीवर बसून मनुकांचा पाव खायच्या आणि मला हवामान सांगायच्या. हवामान म्हणजे पाऊस, दुसरं काय असणार!

यंदा मार्चमध्ये खालच्या गावातून त्यांची थोरली बहीण नेरिस आली.

"तेग्वेन, पुरे झालं हे भुतासारखं राहणं! माझ्याकडे चल. शुक्रवारी वकिलाकडे सही कर आणि हे घर विकून मोकळी हो."

"ताई, आणि माझा हा न्यूट?"

"त्यालाही घे! माझ्या तळ्यात आहेत की तसलेच."

तसलेच! मला बादलीत कोंबलं.

नेरिसबाईंचं तळं लख्ख. कडेला चुनखडीचे पांढरे दगड, वर ऊन. तिथे माझे चुलतभाऊ राहत. दिसायला माझ्यासारखेच, फक्त गळ्यावर ठिपके आणि अंगात ऐट.

"काय झकास पाणी आहे, नाही?" एकाने विचारलं.

"झकास आहे. पण माझ्या अंगी लागत नाही."

"नखरे मेले!" तो म्हणाला.

घरात तेग्वेनबाईंची तीच गत. बूट दाराबाहेर, कपाखाली बशी, बशीखाली रुमाल. "एकाच आईच्या ना आपण? मग मला मानवतं ते तुला का नाही गं?" नेरिसबाई रोज विचारत. माया खरी होती त्यांची, म्हणून तर तेग्वेनबाईंना नाही म्हणवत नव्हतं.

गुरुवारी पाऊस आला आणि मी निघालो. चार बोटांचा जीव, डोंगर तीन मैलांवर. फाटकापाशी पोचेपर्यंतच दुपार झाली. तिथे तेग्वेनबाईंनी मला पाहिलं.

"ताई, बघ हा कुठे निघालाय!"

"वेडाय तो. टाक परत तळ्यात."

"नको. त्याला नाही मानवलं इथे." बाईंनी मला अलगद उचललं. "आणि मलाही नाही गं. उद्या मी सही करणार नाही."

नेरिसबाई रडल्या. मग स्वतःच बादली घेऊन आल्या.

"रविवारी जेवायला तरी येशील ना?"

"तूच ये. आणि बूट काढायचे नाहीत हां!"

त्याच बादलीतून मी बाईंबरोबर डोंगरावर परतलो. आता पोहण्याचा हंगाम संपला, म्हणून मी या दगडाखाली आहे. दर रविवारी नेरिसबाई येतात, पायरीवर प्लास्टिक अंथरून बसतात आणि म्हणतात, "कशी राहतेस गं इथे!" तेग्वेनबाई हसून त्यांना पाव देतात.

माझं मागणं एवढंच. दिसायला सारखे म्हणून कुणाला एका पाण्यात घालू नका. आणि मला बघायला उचललात तो दगड जरा हळू, होता तसा खाली ठेवा. ऊन लागतंय.