ध्यानात राहिलेली वाट

कडूबा जंगल खात्यात गार्ड होता. हैदराबादच्या पोलिस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी तो लागला आणि अठ्ठावीस वर्षं फुलंब्रीकडचे डोंगर तुडवून निवृत्त झाला. एवढ्या वर्षांत त्याची बायको आवडाबाई एकदाही त्या डोंगरात गेली नव्हती. शेत, चार लेकरं, सासूचं दुखणं, यातून पाय निघालाच नाही. डोंगर तिला अंगणातून दिसायचे, तेवढेच.

निवृत्तीला महिना झाला तशी ती एक दिवस म्हणाली, "मला म्हैसमाळला जायचंय. गिरिजामातेला."

"जाऊ की. खुलताबादहून यष्टी हाये."

"यष्टीनं नाय. तुम्ही जायचे तसं, चालत."

"सात कोस हाये. मधी चढ लई."

"मग लवकर निघू."

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजु झालं तेव्हा दोघं गावाबाहेर पडले होते. कडूबाच्या खांद्याला पाण्यानं भरलेली कापडी छागळ, आवडाबाईच्या डोक्यावर भाकरी-ठेच्याचं गठुडं. पायात तिनं लेकाचे कॅनव्हासचे बूट घातले होते, आत दोन-दोन मोजे. पौषातली थंडी होती, गवत पिवळं पडलेलं. साग संपून अंजनाची झाडी लागली तशी वाट चढायला लागली.

एका काळ्या दरडीपाशी आवडाबाई थांबली.

"ही अस्वलाची दरड ना?"

कडूबा वळला. "तुला कुनी सांगितलं?"

"तुम्हीच की. धाकटीच्या बारशाच्या वक्ताला. तुमचा डबा अस्वलानं इथंच फोडला व्हता."

कडूबा तिच्याकडं बघतच राहिला. जेवताना तो दिवसभराचं सगळं सांगायचा आणि ती चुलीकडं तोंड करून भाकरी थापायची. 'आमच्या घरात बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं,' असं तो चारचौघांत म्हणायचा, ते तिच्या कानावर आलं होतं. पण ती मुद्दामच हुंकार देत नसे. हुंकार दिला की तो भानावर यायचा, 'जाऊ दे, तू दमली असशील' म्हणायचा आणि गोष्ट अर्धीच राहायची.

पुढं ती एकेक ठिकाण ओळखत गेली. मोहाचं वाकडं झाड, मोरांचा पाणवठा, वणवा विझवताना त्याच्या मिशा जळाल्या ते पठार. कडूबा आधी चकित झाला, मग त्याला लाजल्यासारखं झालं.

"बिबट्याचं नको इचारू," तो म्हणाला.

"का बरं?"

"तो बिबट्या नव्हता. तरस व्हतं."

"मला तवाच वाटलं," ती म्हणाली आणि भाकरीचं गठुडं सोडलं. दोघं जेवले. ठेचा तिखट झाला होता, तरी कडूबानं एक भाकर जास्त खाल्ली.

दुपार कलल्यावर घोटाळा झाला. नव्या रोपांसाठी खात्यानं डोंगरउतारावर चर खणले होते आणि जुनी वाट त्यात मोडून गेली होती. कडूबा एक चर ओलांडायला गेला, कड ढासळली आणि तो पाय मुरगळून खाली बसला. घोटा बघता बघता सुजला.

आवडाबाईनं पदराचा काठ फाडून घोटा आवळून बांधला.

"मागं फिरू," कडूबा म्हणाला. तोंड पांढरं पडलं होतं.

"मागं पाच कोस हाये. सरळ चढ तुम्हाला जमायचा नाय." ती उभी राहून डोंगर न्याहाळत होती. "दुष्काळाच्या साली मजीदभाईंचा पाय मोडला, तवा तुम्ही त्यांना पाठंगुळी घेऊन कोन्या वाटंनं वर नेलं?"

कडूबाला आठवेना. मजीद त्याचा जोडीदार गार्ड, तो आठवत होता. वाट आठवत नव्हती.

"तुम्ही म्हणला व्हता, तीन सालईमागून शेळ्यांची वाट हाये. लांब पडती, पर खडा चढ नाय." तिनं बोट केलं. पांढऱ्या खोडाच्या तीन सालई वर उन्हात उभ्या होत्या.

वाट खरंच तिथं होती. शेळ्यांच्या लेंड्या होत्या, ताज्या. कडूबानं तिच्या खांद्यावर हात टाकला आणि ती त्याला घेऊन चढू लागली, थांबत, पाणी पाजत. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण असे ते कधी चालले नव्हते.

माळावर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. समोर देवळाची पायरी, चहाची टपरी, चार माणसं. कडूबानं झटकन हात काढून घेतला. आवडाबाईनं त्याचा हात धरला आणि परत आपल्या खांद्यावर ठेवला.

"पडाल," एवढंच म्हणाली.

देवीच्या पाया पडून दोघं टपरीवर बसले. टपरीवाल्या द्वारकाबाईनं सुजलेला पाय बघून विचारलं, कुठून आलात? कडूबा सांगायला लागला. अस्वल, मोर, वणवा, सालई. आवडाबाई बशीतला चहा फुंकत ऐकत होती. आज मात्र ती मधेमधे "व्हय" म्हणत होती, आणि तरी तो थांबला नाही. खुलताबादची शेवटची यष्टी येऊन उभी राहिली तेव्हा द्वारकाबाईनंच त्याला उठवलं.

पाय पंधरा दिवसांत बरा झाला. होळी झाल्यावर दोघं पुन्हा डोंगरात गेले, दुसऱ्या वाटेनं.