दुखणं तिचं, सांगणं त्यांना

माळ्यावरचे डबे पुसताना स्टूल कलंडलं आणि धाकटी सून डोक्यावर आपटली. थोरलीने जखमेवर पदर दाबला, सासऱ्यांनी गाडी काढली, आणि तिघं इस्पितळाच्या तातडीच्या विभागात पोचली.

टाके पडले. धाकटी खाटेवर चांगली शुद्धीत बसली होती. पण त्या घरात बाईच्या दुखण्याचं बोलणं बाईशी करायची रीतच नव्हती. थोरली पिशवी धरून पडद्याबाहेर उभी राहिली. डॉक्टरही सासऱ्यांकडेच बघून भराभर बोलले, "उलटी झाली, फार झोप येऊ लागली, तर क्षणभर थांबू नका. घेऊन या."

"हो, हो," सासरे म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष फाटकात आडव्या लावलेल्या गाडीकडे होतं. धाकटीच्या कानांत अजून घुमत होतं.

घरी सासूने विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. पडून राहा म्हणाले."

दुपारी धाकटीला भडभडून उलटी झाली. सासूचा चेहरा उजळला. "अगं बाई! म्हणजे चक्कर येऊन पडली होय ही! गोड बातमी दिसतेय!"

विचारपूस करायला आलेली शेजारीण खिदळली, "डोक्यावर आपटली तेव्हा कुठे अक्कल आली!"

"ताई, डोकं फुटतंय हो," धाकटी थोरलीला म्हणाली. "डॉक्टर माझ्याबद्दल काय म्हणाले?"

थोरलीने बाहेर जाऊन विचारलं, "बाबा, उलटीचं काही बोलले होते का ते?"

"तुला कशाला नसत्या चौकशा? पडून राहायचं सांगितलंय ना?"

धाकटी झोपली, घोरू लागली. "झोपू दे, आता दोन जिवांची आहे," म्हणत सासूने रेडिओ बंद केला. सगळे पाय न वाजवता वावरू लागले. थोरलीनेच खिडकीचा पडदा ओढून घेतला. संध्याकाळी ती चहा घेऊन उठवायला गेली, तर धाकटी हलेना.

इस्पितळात डॉक्टर तेच होते. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला आणि नकारार्थी मान हलवली. धाकटी गेली होती.

"उलटी झाली होती?"

"दुपारीच," थोरली म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही आणलंत? मी सांगितलं होतं!"

सासरे जमिनीकडे बघत पुटपुटले, "राहिलं नाही लक्षात."

"नशीब पोरीचं!" सासूने कपाळ बडवलं.

"नशीब कसलं, आई?" थोरली म्हणाली. "तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं आपल्याला फरफटत इथं आणलं असतं."

"मी घरच्या मोठ्यांना सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"डोकं कुणाचं फुटलं होतं? ती समोर बसली होती, डॉक्टर."

पलीकडच्या खाटेवर हात भाजलेली एक बाई होती. डॉक्टर तिकडे गेले आणि सवयीने तिच्या नवऱ्याला सांगू लागले. सासरे थोरलीला म्हणाले, "चल आता, तमाशा नको."

ती त्यांच्या अंगावरून पुढे गेली, त्या खाटेपाशी उभी राहिली. "बाई, काय सांगितलं ते म्हणून दाखवा."

"पट्टी ओली होऊ द्यायची नाही," नवरा म्हणाला.

"तुम्ही नाही. त्या."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "पट्टी... आणि ताप आला तर..." ती अडली.

डॉक्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले. तिला.