नेपच्यून दुर्गाबाईच्या गोठ्यात

लातूरहून चऱ्होलीच्या नव्या सोसायटीत येऊन वर्षालीला वर्ष होत आलं होतं, पण लिफ्टमधल्या हसण्यापलीकडे तिची कुणाशी ओळख झाली नव्हती. नवरा चाकणच्या कंपनीत, कायम शिफ्टच्या घाईत. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ‘मुलांना सूर्यमाला कोण शिकवेल?’ असं विचारलं गेलं, तेव्हा तिनं पटकन ‘मी’ लिहून टाकलं.

तिनं सूर्यमाला रस्त्यावरच मांडायची ठरवली. गेटपाशी मीटरभर रुंदीचा पिवळा फुगा म्हणजे सूर्य, आणि बाकी सगळं, अंतरंसुद्धा, त्याच मापात. पृथ्वी हरभऱ्याएवढी, क्लब हाउसच्या पायरीवर. गुरू मोठ्या मोसंबीएवढा, मेडिकलच्या दुकानापाशी. नेपच्यून मात्र मोबाइलच्या नकाशावर सव्वातीन किलोमीटर लांब, जुन्या गावाच्या टोकाला एका गोठ्यावर जाऊन पडला.

“गावात कशाला जाता?” सेक्रेटरी उद्धवराव म्हणाले. पाण्याचे टँकर गावातून नेण्याच्या रस्त्यावरून सोसायटीचं आणि गावाचं बिनसलं होतं. “सगळे ग्रह बागेतच बसवा. पोरांना काय कळतंय?”

“मला कळतंय ना, काका.”

म्हटलं खरं, पण गोठ्यासमोर तिनं स्कूटर लावली ती दारापासून जरा लांबच. एक म्हातारी म्हशीला वैरण टाकत होती. दुर्गाबाई तिचं नाव.

“सोसायटीची का?” तिनं स्कूटरकडे एकदा बघून विचारलं. “पुन्हा रस्त्याचं काय काढलंस?”

“नाही मावशी. तुमच्या दारात एक ग्रह टांगायचाय.”

दुर्गाबाईच्या हातातली पेंढी तशीच राहिली. वर्षालीनं घाईघाईनं सगळं सांगितलं. या ग्रहावर एक वर्ष सरायला आपली एकशे पासष्ट वर्षं लागतात, हेही सांगितलं.

“म्हंजी तिथं जन्मलेल्याचा पयला वाढदिवससुदिक व्हायचा न्हाई?”

“नाही ना!”

“आगं बया!” दुर्गाबाई खुदकन हसली. “टांग मग. त्या खुट्टीला टांग.”

रविवारी सकाळी वीसेक मुलं आणि चार-पाच पालक निघाले. शुक्राचा एक दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो म्हटल्यावर मुलं चेकाळली. “मग तिथं शाळा कधी सुटणार?” शनी पाण्यात तरंगेल, फक्त तेवढा मोठा हौद हवा, हे चहाच्या टपरीवाल्यानंही कान देऊन ऐकलं. त्यापुढे मात्र ऊन चढलं. निम्मी मुलं तिथूनच परतली. कुशीवर लोळत फिरणाऱ्या युरेनसपाशी पोचेपर्यंत आणखी काही गळाली. वर्षाली हिरमुसली, उद्धवराव बरोबरच बोलले होते की काय?

तरी सात मुलं गोठ्यापर्यंत पोचली. खुंटीला लिंबाएवढा निळा गोळा लटकत होता, आणि त्याखाली दुर्गाबाई ताकाची कळशी घेऊन बसली होती. आजूबाजूच्या चार घरांतली पोरंही तिनं बोलावून ठेवली होती.

“पेला घ्या आन् ऐका,” ती पोरांना सांगू लागली. “ह्यो नेपच्यून. हितं वाढदिवस न्हाई.”

दोन्हीकडची पोरं ताकाच्या मिशा पुसत एकमेकांना ग्रह सांगू लागली. कोण कुठला, हे वर्षालीलाही ओळखू येईना.

निघताना दुर्गाबाईनं तिला थांबवलं. “आन् सूर्य कुठंशी हाय म्हनलीस?”

“आमच्या गेटवर.”

“त्या गेटातनं आमी कधी आत गेलो न्हाई, बाई.”

पोरं पालकांबरोबर पुढं गेली होती; वर्षालीनं नेपच्यून टांगायला आली तेव्हा इथंच ठेवलेली स्कूटर स्टँडवरून काढली. “चला मावशी, मागं बसा.”

दुर्गाबाईनं पदर खोचला, म्हशीकडे एकदा पाहिलं आणि वर्षालीच्या खांद्याला घट्ट धरून ती बसली.

“हळू घे,” ती म्हणाली, “वाटंतले समदे ग्रह बघायचेत मला.”