घरातल्या इंग्रजीची डायरी

ताटातल्या वरणावर तुपाची कड पांढरी व्हायला सात मिनिटं लागली. डिसेंबरातल्या लातुरात एवढा वेळ लागतोच. रुद्राणीनं घड्याळ पाहिलं, कारण त्या सात मिनिटांत अक्षरानं एकही घास उचलला नव्हता.

"व्हाय नॉट ईटिंग?" शिवकुमारनं विचारलं.

"पेन," सात वर्षांची अक्षरा म्हणाली.

"फुल सेंटेन्स, बेटा."

"आय हॅव पेन इन माय इअर."

"व्हेरी गुड!" म्हणत त्यानं डायरीत बरोबरची खूण केली.

ही डायरी शाळेनं दिलेली. घरात रोज तासभर इंग्रजी बोलायची. मराठी शब्द निघाला की बापानं फुली मारायची. आठवड्यात तीन फुल्या झाल्या की पोरीनं प्रार्थनेला सगळ्यांपुढं उभं राहायचं. बियाण्यांचं दुकान बंद करून शिवकुमार सात वाजता डायरी घेऊन जेवायला बसायचा. नांदेडला नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी अडलं आणि चार माणसं त्याला हसली, ते तो पंधरा वर्षांत विसरला नव्हता. म्हणून रुद्राणी वर्षभर गप्प राहिली. स्वतः मराठी शाळेत विज्ञान शिकवत होती, आणि पोरीला त्याच शाळेत न्यायचं मनात असूनही ओठ उघडत नव्हती.

ती उठली. दोन दिवस नांदेडला प्रशिक्षणात होती, दुपारीच परतली होती. अक्षराचे केस बाजूला केले, तर कानामागं हात पोळला. पाळीवर पिवळा पू वाळला होता.

"कसं दुखतंय गं?"

अक्षरानं आधी बापाकडं पाहिलं. मग डायरीकडं.

रुद्राणीच्या डोक्यात सणक गेली. ठणका, कळ, चमक, टोचणी, आग. डॉक्टरला अर्धा आजार या शब्दांतच कळतो. इंग्रजीतही यांना शब्द असणारच. पण या घरात आलेली इंग्रजी इतकी थोडकी होती की आत्या, मावशी, मामी साऱ्या आँटी झाल्या होत्या आणि सगळ्या दुखण्यांचं एक पेन झालं होतं.

"ठणकतोय म्हणली व्हती," भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई, गंगम्मा, हळूच म्हणाल्या.

"कधी?"

"परवा, जेवताना. माझ्या कानात बोलली, आज्जी, कान लई ठणकून राहिलाय म्हणून." त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्या ऐकलंच न्हाई असं केलं. दोन फुल्या झाल्या व्हत्या. तिसरी पडली की लेकराला उभं करतेत ना तिथं."

"मग नंतर तरी सांगायचं की अव्वा!" शिवकुमार ओरडला.

"नंतर इचारलं, तर ती मलाच म्हणली, नो मराठी."

अक्षरा रडायला लागली, तेही आवाज न करता.

"मला काय माहीत एवढं झालंय?" शिवकुमार म्हणाला. "आत्ता तर नीट बोलली. पूर्ण वाक्य बोलली."

"बोलली. आणि तुम्ही शाबासकी दिलीत."

"तू माझ्यावर का चिडून राहिलीस? नियम शाळेचा हाय. उद्या हिला कुणी हसलं म्हंजे?"

"हसू देत. हसण्यानं कानात पू होत नाही." रुद्राणीचा आवाज चढला नाही. राग त्याच्यावर होता, शाळेवर होता, आणि सगळ्यात जास्त वर्षभर समजूतदारपणा मिरवणाऱ्या स्वतःवर होता. तिनं अक्षराला कडेवर घेतलं. एवढी मोठी पोर कडेवर मावत नव्हती.

"गाडी काढा. आधी दवाखाना."

शिवकुमार किल्ली घ्यायला वळला.

"आणि ऐका," ती म्हणाली. "सोमवारी हिचा दाखला काढायचा. अक्षरा माझ्या शाळेत शिकणार."