प्रस्ताव क्रमांक तीन

थोरलीला यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू, म्हणजे पुढे उगाच तिच्याबद्दल गैरसमज नको. एक, समन्वयकाचं पद. दोन, तळमजल्यावरची खिडकीची खोली. सध्या ती झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसत होती आणि दिवसभर शाईचा वास घरी घेऊन जात होती. तीन, आठवड्याला चार तास कमी शिकवणं. आणि चौथं, जे तिने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं पण खरं वजन त्याचंच होतं: जेवणाच्या टेबलावर सासूबाई एकदा तरी धाकटीकडे न बघता तिच्याकडे बघून विचारतील, "काय गं, आज काय झालं तुमच्या विद्यापीठात?"

दोघी जावा. एकाच घरात राहायच्या, थोरली खाली, धाकटी वर, आणि एकाच विद्यापीठात शिकवायच्या. थोरली इतिहासाची, धाकटी भाषांची. धाकटी नोकरीला लागली तेव्हा थोरलीनेच तिला कॅन्टीन कुठे, हजेरीपट कुठे, कुठल्या कारकुनाशी गोड बोलायचं ते दाखवलं होतं. सहा वर्षांत गंमत अशी झाली, की कारकून आता थोरलीला विचारायचे, "म्हणजे त्या मॅडमच्या जाऊबाई ना तुम्ही?"

पहिल्या वर्षाच्या सगळ्या शाखांना एक सामाईक पेपर असायचा, 'जगाची ओळख'. तो अठरा वर्षं थोरलीकडे. तीनशे मुलं, एक माईक, पिवळ्या पडलेल्या टिपणांची एक फाईल. वर्ग तिचा लष्करासारखा चाले: हजेरी सहा मिनिटांत, पेपरचे गठ्ठे आठवड्यात तपासून तयार, एका गुणाची चूक नाही. पण कुलगुरूंना यंदा साक्षात्कार झाला. आपली मुलं पंधरा-सोळा भाषांच्या घरांतून येतात आणि सामाईक पेपरात त्यांच्या घराचं एक अक्षर नाही. तेव्हा पेपर मुळापासून बदला. समिती नेमली. प्रस्ताव मागवले. ज्याचा प्रस्ताव निवडला जाईल, तोच पेपराचा समन्वयक.

पद्धत हेडक्लार्कने घालून दिली. त्याला सगळे 'शिक्का' म्हणत, कारण त्याच्या शिक्क्याशिवाय विद्यापीठात पानही हलत नसे. प्रस्तावावर फक्त क्रमांक. नावं आणि सह्या वेगळ्या पाकिटात, लाखेने बंद. गुण देऊन झाल्याशिवाय उघडायचं नाही, आणि तोवर नावांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. समितीतल्यांनीही प्रस्ताव दिले तरी चालतील. "नाहीतर गुण द्यायला उरणार कोण? भिंती?" असं शिक्का म्हणाला.

धाकटीने प्रस्तावाआधी एक वर्ग करून बघायचं ठरवलं. थोरलीला हे शिपायाकडून कळलं, आणि मग त्या दुपारी तिला त्याच मजल्यावर काहीतरी काम निघालं. काम कसलं? दाराआड उभं राहण्याचं.

धाकटीने फळ्यावर एकच प्रश्न लिहिला होता. पाहुण्याला 'आता निघा' हे तुमच्या घरी न बोलता कसं सांगतात?

"मी आमच्या घरचं सांगते," धाकटी म्हणाली. "आमच्या सासूबाई उठतात आणि भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतात. तोंडाने म्हणतात, बसा हो, बसा. पण चावी फिरली की शहाणा माणूस चपला शोधतो."

वर्ग हसला. थोरलीच्या अठरा वर्षांत वर्ग एकदाच हसला होता, माईकमधून कुणाच्या तरी फोनवरचं गाणं ऐकू आलं तेव्हा.

"मॅडम, आमच्याकडे तिसऱ्यांदा पाणी विचारतात," एक मुलगा म्हणाला. "तिसरा पेला आला की समजायचं."

"आणि पाहुणा प्यायला तर?"

"मग बाबा झोपतात. तिथेच. बसल्या जागी."

मग शेवटच्या बाकावरून, खांबाआडून, एक मुलगी उठली. थोरलीने तिला ओळखलं, म्हणजे तिचा आकडा ओळखला. दोनशे अकरा. वर्षभरात 'हजर'शिवाय शब्द नाही, आणि तोही असा की शेजारणीने कोपर मारून मोठ्याने म्हणायला लावावा. ती आधी आपल्या घरच्या भाषेत काहीतरी बोलली, वर्गाला ओ की ठो कळलं नाही, पण चाल कळली. मग तिने सगळ्यांना समजेल असं सांगितलं, "आजोबा गुपचूप बाहेर जातात आणि पाहुण्यांच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवतात. आम्ही म्हणतो, चपला घरी निघाल्या."

टाळ्या पडल्या. दोनशे अकरा हसत खाली बसली. माझी मुलगी, दाराआड थोरलीला वाटलं, माझ्या हजेरीपटातली, आणि हिच्यापुढे बोलते!

त्याच आठवड्यात सकाळी धाकटी एक कागद घेऊन खाली आली. थोरली फ्रिजवर चिठ्ठी चिकटवत होती. 'झाकण नीट लावावे.' अशा चिठ्ठ्या ती रोज लावी आणि प्रत्येकीखाली जाडजूड रेघ ओढी.

"वहिनी, इथे तुमची सही हवी होती. पण वाचून घ्या हं आधी. तुमच्यासाठी पण आहे त्यात."

तुमच्यासाठी पण! म्हणजे वर उपकार. वर्ग घ्यायला ज्येष्ठांची संमती लागते, तिचाच कागद असणार, उशिरा सुचलेला. वाचायला घेतला असता तर हिला वाटलं असतं, वहिनींना भारी उत्सुकता. थोरलीने ते सुख तिला मिळू दिलं नाही.

"तुझ्या कागदात वाचण्यासारखं काय असणार? कुठे करू, बोट ठेव."

धाकटीने बोट ठेवलं. थोरलीने सही ठोकली आणि पेन असं परत दिलं, जसं काही त्याला काही लागलं होतं.

"थँक्यू वहिनी," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा एवढा उजळला, की थोरलीला संशय यायला हवा होता. पण मत्सराला दिसतं सगळं, समजत काही नाही.

थोरलीचा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून घरी स्वतःचं मिटून ठेवणारा माणूस. त्या दिवशी मात्र तो बोलला. "अगं, तुम्ही दोघी मिळूनच का नाही देत प्रस्ताव? तुझी शिस्त, तिची गंमत."

"तिच्या पदराला धरून जाऊ? अठरा वर्षं कुणाची आहेत?"

"तुझीच. पण दात कोरून पोट भरत नाही," असं म्हणून तो दवाखान्यात गेला.

समितीत चौघं: डीन, ग्रंथपाल, थोरली, आणि संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक. त्यांना 'सरासरी' म्हणत, कारण बायकोचा वाढदिवससुद्धा ते 'साधारण महिन्याच्या मध्याला' असा सांगत. प्रस्ताव तीन. पहिला थोरलीचाच, जुना पेपर आणि मागे दोन नवी प्रकरणं. दुसरा: सगळी परीक्षा कॉम्प्युटरवर, टिक करा आणि सुटा, शिवाय वर्षातून एकदा 'विविधता दिन'. तो कुणाचा, हे ओळखायला पाकीट फोडायची गरज नव्हती. आणि तिसरा. तिसऱ्याच्या पहिल्याच पानावर थोरलीला घड्याळाची चावी दिसली.

तिने पुढचं वाचलंच नाही असं नाही. वाचलं. मुलांनी घरातल्या मोठ्यांना प्रश्न विचारायचे, उत्तरं वर्गात आणायची, मग शिक्षकांनी त्यातून माणसांच्या स्थलांतराचा, व्यापाराचा, लढायांचा इतिहास उलगडायचा. चांगलं होतं. इतकं चांगलं होतं, की हे आपल्याला का सुचलं नाही या विचाराने तिचे कान तापले. इतिहासाची आठवडावार आखणी तर थेट तिच्या पिवळ्या फाईलवरून केलेली. चोरटी! माझंच घेऊन मलाच वाकुल्या!

तिने पहिल्या प्रस्तावाला दहा दिले. दुसऱ्याला सात, काही आवडला म्हणून नव्हे, तिसरा खाली राहावा म्हणून. तिसऱ्याला दोन. शून्य दिलं असतं, पण शून्य उघडं पडतं. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'घरगुती गप्पांना विद्यापीठात जागा नाही.' खाली जाड रेघ ओढली.

शिक्क्याने बेरीज वाचली. "पहिला चोवीस. दुसरा तीस. तिसरा अठ्ठावीस."

"दोनाने गेला?" ग्रंथपालबाई हळहळल्या. "मी तर दहा दिले होते त्याला."

"मी नऊ," डीन म्हणाले.

"मी सात," सरासरी म्हणाले. जिंकूनही त्यांना जरा अवघडल्यासारखं झालं होतं. "चांगला होता हो. म्हणजे... माझ्यापेक्षा बरा होता."

सगळे थोरलीकडे बघणं टाळू लागले. बेरीज कुणाला येत नव्हती?

पाकिटं फुटली. पहिलं, दुसरं. मग तिसऱ्याची लाख मोडून शिक्क्याने नियमाप्रमाणे खणखणीत वाचलं. "प्रस्ताव क्रमांक तीन. मुख्य समन्वयक..." आणि थांबला. चष्मा पुसला. मग थोरलीचं पूर्ण नाव वाचलं, पदव्यांसकट. "सहायक..." म्हणून धाकटीचं. "कारण दिलंय. तीनशे मुलांचा वर्ग सांभाळणं मला जमणार नाही, त्यांना अठरा वर्षं जमतंय. इतिहासाची आखणी त्यांच्याच टिपणांची. सही आहे मॅडम तुमची. दाखवू?"

"नको," थोरली म्हणाली.

"पण मॅडम, तुम्हीच तुमच्या..." सरासरींनी सुरुवात केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हिशेब अर्धवट सोडला.

शेऱ्यांचे कागद नाव न घालता प्रस्ताव देणाऱ्यांना परत मिळत, पुढच्या वेळी सुधारणा करता यावी म्हणून. धाकटीला ते दुसऱ्या दिवशी मिळाले. नाव नव्हतंच. रेघ होती.

संध्याकाळी दिवाणखान्यात सासूबाई विणत बसल्या होत्या, धाकटी त्यांच्याजवळ. थोरली आली, समोरच्या खुर्चीत टेकली. दिवसभर एकच वाक्य घोळवत होती, ते आता बाहेर येईना. आलं ते भलतंच.

"कळलं मला. दोनच गुणांनी गेला म्हणे."

"हो."

"सरासरी काही वाईट माणूस नाही. त्यांच्या हाताखाली काम करायला..."

धाकटी ओरडली असती, रडली असती, तर थोरलीने तिला जवळ तरी घेतलं असतं. ती उठली, कोनाड्यातून किल्ली काढली, स्टुलावर चढली आणि भिंतीवरच्या घड्याळाला चावी देऊ लागली. कर्र, कर्र, कर्र.

"अगं, कालच दिली मी!" सासूबाई म्हणाल्या. "आठवड्याची असते ती. स्प्रिंग तुटेल! आणि आत्ता कोण पाहुणं आलंय?"

"कुणी नाही, आई," धाकटी म्हणाली आणि फिरवत राहिली.

थोरली उठली. स्वतःच्याच घरात तिने चपला शोधल्या. दोन्ही सापडल्या, पण जायचं कुठे ते कळेना, म्हणून स्वयंपाकघरात ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

तर शेवटी असं झालं. पद सरासरींना मिळालं, खिडकीची खोली त्यांनाच मिळाली, आणि ते खिडकी बंदच ठेवतात, वाऱ्याने कागद उडतात म्हणून. दोनशे अकराला विविधता दिनी घरचे कपडे घालून स्टेजवरून इकडून तिकडे चालायला मिळालं, दीड मिनिट. बोलायला माईक नव्हता. आजोबांच्या चपलांवर टिक करायला चौकोन नव्हता. धाकटी चार तास जास्त शिकवते. फ्रिजवर आता चिठ्ठ्या नसतात. झाकणं उघडी राहतात, कुणी काही म्हणत नाही. थोरली झेरॉक्सच्या मशीनशेजारीच आहे. सासूबाईंनी मात्र परवा जेवताना तिच्याकडे बघूनच विचारलं, "काय गं, आज काय झालं तुमच्या विद्यापीठात?"

"काही नाही," थोरली म्हणाली. आणि भरपाई म्हणून एवढंच तिच्या पदरी पडलं, की धाकटीने त्या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं.