बरोबर आलेलं रीडिंग

"हे चुकलं," भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी रक्तदाबाच्या यंत्राचं बटण पुन्हा दाबलं. बायकोच्या, रुख्मिणीबाईंच्या दंडावरचा पट्टा घुरघुरत फुगला.

"चौथ्यांदा? हात दुखून राहिला माहा."

"बोलू नोको. बोललं की वाढते."

पडद्यावर एकशे अडुसष्ट आलं. मघाशीही तेच होतं. भगवंतरावांनी पट्टा दोन बोटं वर बांधला, खिडकी लावली, कूलर बंद केला. सहाव्या खेपेला एकशे अठ्ठेचाळीस आलं. त्यातून यंत्राची चूक म्हणून चौदा वजा करून त्यांनी वहीत पेन्सिलीनं एकशे चौतीस लिहिलं. तेवढ्यापुरता त्यांच्या जिवाला आराम पडला.

मागच्या आठवड्यात रुख्मिणीबाई चक्कर येऊन ओट्याजवळ पडल्या होत्या. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सात दिवस सकाळ-संध्याकाळ रक्तदाब लिहून आणायला सांगितलं होतं. चालू गोळ्या वाढवायच्या की कमी करायच्या, ते त्यावरूनच ठरणार होतं.

भगवंतराव नांदगाव खंडेश्वरच्या कॉलेजात चौतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. तिथला लंबक जुना, स्टॉपवॉच हट्टी. पोरांचा गुरुत्वाकर्षणाचा आकडा कधी सातशे चाळीस यायचा, कधी बाराशे. मग भगवंतराव कानाशी जाऊन सांगायचे, "आधी उत्तर लिव, मंग खालून वरते चाल." बाहेरून आलेले परीक्षक खूश, प्राचार्य खूश. नांदगावात गुरुत्वाकर्षण चौतीस वर्षं पुस्तकातल्या नऊशे ऐंशीवरून हललं नाही, ते त्यांच्यामुळेच. त्यातली काही पोरं आता पूल बांधतात. एसटी पुलावर आली की भगवंतराव डोळे मिटून घेतात.

आठव्या दिवशी अमरावतीला जाताना त्यांनी दोनदा डोळे मिटले.

डॉक्टरीणबाईंनी वहीची पानं चाळली. सगळे आकडे एकशे चाळीसच्या आत. त्या समाधानानं म्हणाल्या, आता संध्याकाळची गोळी बंद करू या. त्यांनी पेन उचललं.

लंबक चुकला तर पोराचे दोन मार्क जायचे. इथं काय जाईल, ते मनात आणायचीही भगवंतरावांची हिंमत नव्हती.

"मॅडम, थांबा," ते म्हणाले. "हे आकडे मी जमवले."

"म्हणजे?"

"उत्तर आधी ठरवलं. मले भेव वाटे. एकशे अडुसष्ट लिवलं की ते खरं होईन, असं वाटे."

बाई रागावल्या नाहीत, हेच भगवंतरावांना जास्त लागलं. बाईंनी स्वतः रक्तदाब मोजला. एकशे बाहत्तर निघाला. गोळी वाढली, आणि नव्यानं सात दिवस लिहून आणायचं ठरलं.

दोघं बसस्टँडच्या बाकावर येऊन बसले. भगवंतरावांची मान वर होत नव्हती. रुख्मिणीबाईच म्हणाल्या, "मले आकडे वाचता येते."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमीच भेऊन राहिले व्हते. मी बोलली असती त तुमाले कोनं धरलं असतं?"

भगवंतरावांना भयंकर लाज वाटली. सात दिवस ती स्वतःच्या जिवाची भीती गिळून दंड पुढे करत राहिली होती आणि आपण वजाबाक्या करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवी वही काढली. पेन्सिल कपाटात ठेवली आणि शाईचं पेन घेतलं. पट्टा एकदाच बांधला, बटण एकदाच दाबलं. खिडकी उघडीच होती, कूलरही सुरू होता.

"किती आलं?" रुख्मिणीबाईंनी विचारलं. पडदा त्यांच्याकडेच होता; आकडा त्यांनाही दिसत होता.

"एकशे सहासष्ट," भगवंतराव म्हणाले आणि लिहायला लागले. शेवटचा सहा वाकडा आला. तो त्यांनी तसाच राहू दिला.